शिवकन्येचा अर्धा तास

दूध संघाच्या पशुखाद्य गोदामावर सहा हमालांची टोळी होती. फेब्रुवारीत तिच्यातली एक जागा मोकळी झाली. जागा जालिंदरची. सरकी पेंडेचं पोतं पाठीवर घेऊन फळी चढताना त्याच्या कमरेत असं काही भरलं की नगरच्या डॉक्टरनं फोटो बघून सांगितलं, आता पोतं विसर, बसून होईल ते काम बघ. दोन हजार एकोणीसच्या त्या दुष्काळात आष्टी तालुक्यात बसून होणारं काम एकच होतं, आभाळाकडं बघायचं. ते करायला माणसं भरपूर होती.

टोळी म्हणजे नोंदणी झालेली हमाल सहकारी संस्था. सहा सभासद, सहा बिल्ले, येईल त्या कामात सगळ्यांचा सारखा वाटा. सभासद थकला तर त्याच्या घरातलं माणूस त्याच्या जागी येतं, अशी रीत. तालुक्यात रानं कोरडी पडली असली तरी गोदामावर रोज ट्रक लागत होता, कारण चारा छावण्यांमधली सगळी जनावरं आता पेंडेवर जगत होती. त्यामुळं त्या एका जागेवर पंचवीस जणांचा डोळा होता.

टोळीचा मुकादम राधाकिशन जालिंदरला भेटायला घरी आला. चहा प्यायला, इकडचं तिकडचं बोलला आणि मग मुद्द्यावर आला.

"जागा दीड महिना धरून ठेवतो. पर तुज्याकडं माणूस कुठंय बे? म्हातारी, बायकू आन् दोन पोरी."

जालिंदर बाजेवर पडल्या पडल्या भिंतीकडं बघत राहिला. चुलीपुढून त्याची बायको शिवकन्या म्हणाली, "मी काय म्हैस हाय का भावजी?"

राधाकिशन हसला. ती हसत नाही हे दिसल्यावर थांबला.

"वहिनी, पन्नास किलोचं पोतं असतंय."

"ठावं हाय. त्याच्यावर छापलेलं असतंय."

"बाईमाणसाचं काम न्हाई त्ये."

"अकरा हंगाम ऊसतोडीला गेले. डोक्यावर मोळी घेऊन फळी चढून गाडी भरली. तवा एकाबी मुकादमानं इचारलं न्हाई, ही बाई हाय का गडी."

राधाकिशननं संस्थेच्या नियमाचं नाव काढलं. तेव्हा शिवकन्या उठली, ट्रंकेतून पोटनियमांचं पिवळं पडलेलं पुस्तक काढलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. सातवी शिकलेली बाई, पण शब्द बोटाखाली धरून वाचणारी. "हितं सभासद लिवलंय. मिशी कुठं लिवलीय ती दाखवा, मी गप बसते."

मिशी कुठंच लिहिलेली नव्हती. राधाकिशन माणूस वाईट नव्हता, पण त्याला टोळीला तोंड दाखवायचं होतं. जाता जाता त्यानं अट घातली. पाडव्यानंतरच्या पहिल्या सोमवारी जो ट्रक येईल त्यातली वीस पोती, मध्ये खाली न बसता, थप्पीच्या आठव्या थरावर लावायची. एक पोतं हातातून सुटलं की विषय संपला.

"जमलं तर बिल्ला तुमचा," तो म्हणाला. जमणार नाही याची त्याला खात्री होती, म्हणून आवाज मोठा होता.

छावणी गावाबाहेर, तळ्याच्या कोरड्या पोटात पडली होती. शिवकन्येची एकुलती गाय तिथं होती, त्यामुळं तिचा दिवस तिथंच उगवायचा. शेजारच्या दावणीला कचरूनानाची दोन बैलं. कचरूनाना एकतीस वर्षं हमाली करून उतरलेला म्हातारा, खांदे अजून दाराच्या चौकटीसारखे. शिवकन्येनं त्याला गाठलं आणि मला शिकवा म्हणाली. नानानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, तंबाखू थुंकली आणि विचारलं, "रडणार न्हाई ना?"

"रडले तरी पोतं टाकणार न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून तांबडं फुटायच्या आधी तालीम सुरू झाली. खताच्या रिकाम्या पोत्यात तळ्यातली वाळू भरायची, पहिल्या आठवड्यात वीस किलो, मग तीस. तळ्याच्या बांधाला टेकवलेली लांब फळी, तिच्यावरून वर जायचं, पोतं ठेवायचं, खाली यायचं. साडीचा काष्टा आणि वरून जालिंदरचा बाह्यांचा सदरा. नाना दगडावर बसून ओरडायचा, "कमरंनं उचलू न्हको, तुज्या नवऱ्यानं त्येच केलं. मांडीनं उचल. मोळी डोक्यावर ऱ्हाती, पोतं पाठीवर बसतंय. त्येला बसू दे."

याच सुमारास जालिंदरच्या गोळ्या आणायला ती आष्टीला गेली आणि बसस्टँडमागं बिभीषणच्या व्यायामशाळेत शिरली. बिभीषण तिच्या माहेरच्या गावचा, नात्यानं चुलतभाऊ. पोलीस भरतीची पोरं त्याच्याकडं घाम गाळायची आणि भिंतीवरच्या फळीवर पावडरीचे काळे डबे ओळीनं मांडलेले असायचे. तिनं सगळं सांगितल्यावर त्यानं तिला फुकटात ज्ञान दिलं.

"ताई, वजन उचललं की अंगातलं मांस बारीक बारीक फाटतंय. त्ये सांधायला प्रोटीन लागतंय. दूध, अंडी, डाळ, फुटाणं, कायबी चालंल. पर एक ध्यानात ठेव, मेहनत झाल्यावर अर्ध्या तासात पोटात गेलं पायजे. अर्धा तास दार उघडं ऱ्हातंय. मग बंद."

"बंद म्हंजी?"

"म्हंजी खाल्लं काय न् न खाल्लं काय."

डबा हातात घेऊन तिनं किंमत वाचली, परत जागेवर ठेवला. पण दाराची गोष्ट मात्र ती घरी घेऊन आली.

घरात बैठक झाली. दूध डेअरीच्या गाडीला जायचं, त्यातलं अर्धा लिटर तिच्यासाठी राखायचं ठरलं. सासू चंद्रभागाबाईनं कोंबडीची दोन अंडी कबूल केली. पोरींनी आपल्या वाटचे फुटाणे दिले. कुणी कुरकुरलं नाही, उलट घरातल्या सगळ्यांना आपण काहीतरी करतोय असं वाटू लागलं. जालिंदरनं आपला मोबाइल तिला दिला, वेळ बघायला.

मग रोज सकाळी छावणीत एक तमाशा सुरू झाला. शेवटचं पोतं उतरलं की नाना ओरडायचा, "पाच पन्नास." शिवकन्या धावत आपल्या पालाकडं. गाईच्या कासेखाली बसून दूध काढायचं, तीन दगडांच्या चुलीवर तापवायचं, फडक्यात बांधून आणलेली उकडलेली अंडी सोलायची, फुटाणे तोंडात कोंबायचे, सगळं सहा वीसच्या आत. शेजारच्या दावणीवरच्या बाया घड्याळ विचारायच्या. "शिवकन्ये, किती मिनिटं ऱ्हायली गं?" घास तोंडात असल्यामुळं ती बोटं दाखवायची. एकदा गाईनं लाथ मारून चरवी लवंडली आणि दुसऱ्याच्या गाईचं दूध मागून आणेपर्यंत पावणेसात झाले. त्या दिवशी ती शेणाच्या पाटीशेजारी बसून रडली. सगळी मेहनत मातीत गेली म्हणून. पोतं उचलताना न रडलेली बाई वीस-पंचवीस मिनिटांसाठी रडली.

आणि एवढं करून ती चाळीस किलोवर अडकली.

चाळीस किलोची दहा पोती जायची. अकराव्याला मांड्या थरथरायच्या. बाराव्याला ती फळीच्या मध्यावर मटकन बसायची. एक आठवडा असाच गेला, दुसराही गेला. पाडवा अठरा दिवसांवर आला. तिनं अर्ध्या तासाचा पाव तास केला. डोळे खोल गेले, दुपारी गाईसाठी उसाचं वाढं वाहताना चक्कर यायला लागली. गोदामावरून बातमी आली की टोळीतल्या धर्मराजनं त्या जागेसाठी आपल्या मेव्हण्याचं नाव आत्ताच पुढं केलंय.

त्या दिवशी बाराव्या पोत्याला ती बसली तेव्हा नाना नेहमीसारखा ओरडला नाही. तो तिच्याजवळ येऊन उकिडवा बसला.

"समज, बैलाला पहाटंच सगळी वैरण टाकली. आन् मग दुसऱ्या पहाटेपस्तोर काडी न्हाई. तर बैल काय करंल?"

"बसंल."

"मग तू कावून बसली?"

"मी खाते की नाना. अर्ध्या तासाच्या आत खाते."

"त्ये मी बघतोच. दिसभर काय खाती?"

"च्या. भाकर, ठेचा."

"आन् राती?"

"भाकर."

"कशासंगं?"

"असंल त्याच्यासंगं."

"असंल म्हंजी काय असंल?"

तिला सांगता येईना. रोज रात्री जे खाल्लं ते तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

संध्याकाळी तिनं पाहिलं. तुरीच्या डाळीची आमटी चुलीवर होती. चंद्रभागाबाई वाढायला बसली. पळी तळापर्यंत घालून घट्ट आमटी जालिंदरला, आजारी म्हणून. मग पोरींना, वाढतं वय म्हणून. मग म्हातारीनं स्वतःपुरती घेतली. उरलेल्या आमटीत तांब्याभर पाणी ओतलं, चिमूटभर मीठ टाकलं, एक उकळी आणली. पातेलं पुन्हा अर्धं झालं. हे रोजचंच होतं, दोघींपैकी कुणी त्यावर कधी बोललेली नव्हती. शिवकन्येनं वाटीत पळी घातली. डाळीचे सात-आठ दाणे वर आले.

दोन अंडी, अर्धा लिटर दूध आणि ओंजळभर फुटाणे, एवढ्यावर ती अख्खा दिवस काढत होती. सकाळच्या त्या अर्ध्या तासासाठी सगळं घर जीव टाकत होतं, आणि उरलेल्या साडेतेवीस तासांचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. तिच्या स्वतःच्याही नाही. तिला राग आला तो आधी स्वतःचाच आला. मग तो सासूकडं वळला.

"आत्याबाई, उद्यापासनं मी सगळ्यांसंगं जेवणार. पाणी घालायच्या आधी."

चंद्रभागाबाईनं पळी खाली ठेवली. "पहाटं दूध देतो, अंडी देतो. आनिक काय पायजे?"

"डाळ पायजे."

"चाळीस वरसं मी खरवड खाल्ली या घरात. मेले न्हाई."

"तुमाला कुणी पोतं उचलायला न्हवतं सांगितलं."

हे बोलायला नको होतं, असं तिला बोलता बोलताच कळलं.

"बावीस हंगाम," म्हातारी म्हणाली. "बावीस हंगाम मोळ्या कुणी उचलल्या गं? तुझ्या सासऱ्यानं एकट्यानं?"

एवढं बोलून ती उठली. उठायला तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला, एक हात गुडघ्यावर, एक भिंतीला. पंचावन्न-छप्पन्नची बाई सत्तरीची दिसत होती. तिच्या गुडघ्यांना काय झालं हे घरात सगळे जाणून होते, ऊसतोड झाली. ऊसतोडीच्या त्या बावीस हंगामांत रोज रात्री तिच्या वाटीत काय होतं, हे मात्र आजपर्यंत कुणी विचारलेलं नव्हतं. शिवकन्या पातेल्यापुढं तशीच बसून राहिली. तिला आता भांडायचं नव्हतं, आणि माफी कशी मागतात हेही तिला नीट माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती तडक आष्टीला गेली आणि बिभीषणच्या दारात उभी राहिली. आत पंधरा पोरं होती, तरी आवाज खाली आणला नाही.

"तुझा अर्धा तास खोटा हाय."

बिभीषण वाटीतनं मटकी खात होता. "ताई, अर्धा तास माजा न्हाई. डब्यावर छापलेला हाय."

"तू किती येळा खातो?"

तो ओशाळला. "पाच-सहा येळा होतंय."

"मग मला एकच कावून सांगितली?"

"मला वाटलं, बाकीचं तर सगळेच खातेत." खरंच त्याला तसं वाटलं होतं. घरात त्याला कधी शेवटी वाढलेलं नव्हतं. मग त्यानं तिला बाकावर बसवून डब्यावर न छापलेलं सांगितलं. दिवसभरात एकूण किती पोटात जातं ते आधी. ते तीन-चार वेळा वाटून गेलं तर उत्तम. मेहनतीच्या आगं-मागं दोन-तीन तासांत जेवण झालं तरी पुष्कळ. मिनिटं मोजायचं काहीच काम नाही.

"म्हंजी दार?"

"दार लई येळ उघडंच असतंय, ताई."

दोन दिवस घरात सासू-सुना एकमेकींशी फक्त गाईबद्दल बोलल्या. तिसऱ्या संध्याकाळी शिवकन्या छावणीतून आली तर चंद्रभागाबाईनं हुलग्याचं माडगं रटरटत ठेवलं होतं, नेहमीपेक्षा घट्ट. पाच ताटं मांडलेली. म्हातारीनं पातेलं तळापासून हलवलं आणि प्रत्येक वाटीत एक-एक पळी घातली. पाचवी वाटी तिची स्वतःची होती. शिवकन्या आत जाऊन उभी राहिली.

"बस की," म्हातारी म्हणाली. "का आवतन पायजे?"

चौथ्या-पाचव्या दिवशी जालिंदर म्हणाला, "आमटी पातळ झालीय हल्ली."

"सगळ्यांचीच झालीय," चंद्रभागाबाई म्हणाली, आणि त्याला आणखी एक भाकर वाढली.

बाकीचं सोपं नव्हतं. दूध पाव लिटर सकाळी, पाव संध्याकाळी असं वाटलं. एक अंडं पहाटेला, एक दुपारी. हुलगे आणि मटकी दिवसाआड भिजत घालायची. दुपारच्या भाकरीवर शेंगदाण्याचा कूट. नवं असं घरात काहीच आलेलं नव्हतं, होतं तेच फिरलं. सहाव्या दिवशी चाळीस किलोचं बारावं पोतं वर गेलं. नानानं पोत्यात आणखी दहा किलो वाळू टाकली. पाडव्याच्या आदल्या दिवशी तिनं पन्नासची सोळा पोती नेली. वीस तिनं कधीच नेली नव्हती.

सोमवारी ती सात वाजता गोदामावर हजर होती. ट्रक नव्हता. आठला नव्हता, दहाला नव्हता. जामखेडच्या अलीकडं टायर फुटून गाडी उभी आहे, असा फोन आला. टोळी सावलीला पसरली. पत्र्याचं गोदाम तापून आतून वाफ यायला लागली. जुनी शिवकन्या असती तर पहाटेचं दूध कधीच जिरलं म्हणून तिनं तिथंच हातपाय गाळले असते. अकरा वाजता हमालांनी डबे उघडले, तशी तिनंही आपलं फडकं उचललं आणि त्यांच्या गोलात जाऊन बसली. कुणी सरकून जागा दिली नाही, तिनं करून घेतली. भाकरी, मटकीची घट्ट उसळ, कांदा, दोन अंडी. दुसरं अंडं म्हातारीनं निघताना हातावर ठेवलं होतं.

धर्मराज तिच्या डब्याकडं बघत राहिला. "दोन अंडी. आमच्या घरी एक बी देत न्हाईत."

"घरी कोण वाढतंय?"

"बायकू."

"तिनं सकाळपासनं काय खाल्लं?"

धर्मराजनं भाकरीचा तुकडा मोडला. "मला काय ठावं," तो म्हणाला आणि तुकडा तसाच हातात धरून बसला. दुसरे दोघे हसले, पण थोडंच.

ट्रक पावणेदोनला आला.

पहिली पाच पोती तिला कळलीच नाहीत, एवढी ती घाबरलेली होती. सहाव्यापासून अंगाला लय सापडली. धर्मराज ट्रकमधून पोतं तिच्या पाठीवर टेकवायचा, ती वाकून फळीवर पाय टाकायची, मांडीनं वर, थप्पीवर पोतं वळवून ठेवायची, रिकामी खाली. राधाकिशन खडूनं खांबावर रेघा ओढत होता. बाराव्याला बसावं असं वाटलंच नाही. चौदाव्याला घाम डोळ्यांत गेला. सतराव्याला फळीवर सांडलेल्या पेंडेवरून पाय घसरला, ती एका गुडघ्यावर आली, पोतं पाठीवरून उजवीकडं सरकलं. गोदामात कुणी हाललं नाही. तिनं कोपर खाली घेतलं, पोत्याला तिथं अडवलं, आणि त्याला पुन्हा पाठीवर बसेपर्यंत वेळ दिला. मग उठली.

"गुडघा टेकला," एक जण म्हणाला.

"टेकला, बसली न्हाई," राधाकिशन म्हणाला आणि रेघ ओढली.

विसावं ठेवून ती खाली आली आणि खांबाला हात लावून उभी राहिली. राधाकिशन थप्पीवर चढला. बराच वेळ तो आठवा थर न्याहाळत होता. काही चूक काढायची असेल तर ती त्याला तिथंच सापडायला हवी होती.

"दोन पोत्यांचा कोपरा बाहेर आलाय."

ती पुन्हा वर चढली, खांद्यानं रेटून दोन्ही पोती आत सारली. राधाकिशननं थपथपून बघितलं.

"बरं," तो म्हणाला. खाली उतरून त्यानं ट्रककडं हात केला. "दोनशे ऐंशी पोती ऱ्हायली. जालिंदरच्या वाटची कोण उतरवणार?"

वीस झाली की संपलं, असंच ती दीड महिना धरून चालली होती. वीसच्या पुढचा आकडा तिनं मनात कधी आणलाच नव्हता. तिनं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं, तांब्याभर पाणी प्याली आणि ट्रकच्या मागं जाऊन वाकली. तिच्या मागं आणखी दोघे येऊन उभे राहिले. धर्मराजनं पोतं टेकवलं.

"चल बे, सरक लवकर," तो सवयीनं बोलून गेला आणि जीभ चावली. "वहिनी, म्हंजी..."

ती फळीच्या मध्यावर पोचली होती. तिच्या मागचा हमाल फळीवर चढला होता आणि फळी दोघांच्या वजनानं वाकत होती, म्हणून तिनं पाय उचलला.